गिधाड काही आलं नाही

...नाही, मी म्हणतो, कावळे आले ते चालत नाहीत, कोंबडी आली ती चालत नाही, शेजारच्या कोंटेहबाईंचं लंगडं कुत्रं कुंपणाखालून सरपटत येऊन फूफूचा निम्मा गोळा पळवून गेलं, तेही चालत नाही, मग मेलेल्या माणसानं जेवायला यावं तरी कसं? तर म्हणे गिधाडाच्याच रूपानं! दुसरं कोणी नको! सकाळपासून आभाळाकडे बघून बघून माझी मान आखडली, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, एक विमान येऊन गेलं, दोन पतंग येऊन गेले, पण तुम्हाला सांगतो, गिधाड काही आलं नाही.

बायको जाऊन चाळीस दिवस झाले, तिचा चाळिसावा होता हो. माझी बायको, बिसी. आमच्या फ्रीटाउनला आम्हा क्रिओ लोकांत चाळिसाव्याला अवुजो घालतात. अंगणात तीन दगडांच्या चुली, त्यावर ही एवढाली पातेली, पाम तेलात परतलेली चवळी, तळलेली केळी, अकाराची भजी, फूफू, आल्याचं सरबत, सगळी गल्ली जेवायला. पण गल्ली नंतर! आधी अंगणात खड्डा करायचा, त्यात पहिलं पान गेलेल्या माणसाचं, थोडं बाजूला केळीच्या पानावर, आणि मग सगळ्यांनी मागं सरून उभं राहायचं. गिधाड उतरलं, जेवलं, की ती जेवली. आमचे वाडवडील त्याच्याच रूपानं येतात, हे काय मी नव्यानं सांगायला हवं?

आणि हे सगळं करवून घ्यायला कोण? सिसी जोको! बिसीची थोरली बहीण. हातात काठी, डोक्याला काळं फडकं, आवाज असा की बंदरातल्या बोटीनं भोंगा वाजवायचं बंद करावं. 'युस्टस, लांब हो! तुझी सावली पडतेय पानावर! माझी बहीण लाजते.' लाजते? बिसी? भर बाजारात मासळीवालीच्या टोपलीत नाक घालून 'हा मासा तुझ्या लग्नातला आहे का गं?' असं विचारणारी बाई ती! लाजते म्हणे!

कावळे आले तेव्हा मला वाटलं, चला, सुटलो. पांढऱ्या छातीचे, चांगले धट्टेकट्टे. सगळी चवळी फस्त केली. मी म्हटलं, 'सिसी, आली बघ.' तर ती माझ्याकडे असं बघते, असं बघते... 'कावळा? अरे शहाण्या, कावळ्याचा आणि मेलेल्या माणसाचा काय संबंध? कोणी ऐकलंय का कुठे?' नवं पान वाढलं. पुन्हा मान वर.

मग सिसीनं कोलाच्या बिया काढल्या. चार तुकडे जमिनीवर टाकायचे, दोन उताणे दोन पालथे पडले की मेलेल्याचा होकार. तिनं विचारलं, 'बिसी, चवळीला मीठ कमी आहे का गं?' चारही पालथे. 'सरबतात आलं कमी?' पालथे. मग एकेक नातलग पुढे. हा म्हणतो मी दारू सोडतो, पालथे. ती म्हणते मी तुझ्या कबरीवर दर ईस्टरला फुलं आणीन, पालथे. शेवटी सिसी स्वतः पुढे झाली, घसा खाकरला, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, 'बिसी, तुझं शिलाईचं मशीन... ते मी नेलं नाही गं, फक्त माझ्या घरी ठेवलंय.' पहिल्यांदा कळलं मला मशीन कुठे गेलं ते! चारही पालथे. मशीन नको, फुलं नकोत, मीठ नको, मग हवं तरी काय तिला? सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि माझ्याकडे बघायचं कारण काय, तर गिधाडं घालवली कोणी? मी! गल्ली स्वच्छता समितीचा चेअरमन!

ऐका, ऐका. आमच्या गल्लीच्या टोकाला कचऱ्याचा डोंगर होता, बोमेह म्हणतात आमच्याकडे. एका अंगाला आम्ही, एका अंगाला दफनभूमी, मध्ये तो. माझ्या आजोबांच्या वेळी तो उंबरठ्याएवढा होता म्हणतात. माझ्या वेळी त्याच्यावर चढलं की समुद्र दिसायचा! डुकरं त्याच्यावर, शेळ्या त्याच्यावर, कायम कुठेतरी आतून जळत असायचा, धूर असा की रविवारी चर्चमध्ये पाद्रीबुवा दिसायचे नाहीत, नुसता आवाज यायचा. आणि गिधाडं! छपरांवर, तारांवर, चर्चच्या क्रुसावर, खांदे पाडून बसलेली, पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसांसारखी. मी पोस्टातूनच निवृत्त झालोय, मला ठाऊक आहे. तेव्हा अवुजो म्हणजे काय, पान ठेवायला वाकलात की तीन पिढ्या जेवून मोकळ्या! बोलावलं नाही तेही यायचे. माझ्या वडिलांच्या वेळी इतकी उतरली की सिसी म्हणाली, 'युस्टस, तुझ्या बापाचे सगळे दोस्त आले रे, दारूचा वास लागला वाटतं.'

पण बिसीला तो डोंगर डोळ्यासमोर नको असायचा. तिच्या छातीत तो धूर बसला होता हो. दोन बारीक खोकले आणि एक लांब. खॅ, खॅ, खॅऽऽक्. सकाळी मी चूल पेटवली की आतून तो आवाज यायचा, मग ती यायची. आमच्या लग्नापासून तेच. कोंबडा आरवो न आरवो. चवळीचं पातेलं झाकायची, पाणी झाकायची, मला म्हणायची, 'युस्टस, मी मेले ना, तर त्या डोंगराचा वास माझ्या पेटीत शिरेल. काहीतरी कर. नुसता पेपर काय वाचतोस?' म्हणून मी उभा राहिलो! नाहीतर मी कुठला चेअरमन? मला साधं कुत्रं हाकलता येत नाही. तिच्यासाठी महापालिकेत खेटे घातले, साहेबांच्या दारात बसलो, गल्लीतल्या लोकांना गोळा केलं, महिन्याच्या साफसफाईच्या शनिवारी गळ्यात शिट्टी अडकवून सगळ्यांना घराबाहेर काढलं. दुकानं बंद, गाड्या बंद, फावडी हातात! आणि लोक तरी कसले, गटारातला गाळ काढायचे आणि गटाराच्याच काठावर रचायचे, 'वाळू दे, पा युस्टस, मग उचलू.' (वडीलधारा म्हणून मला सगळे पा म्हणतात.) आणि संध्याकाळी पाऊस! गाळ परत गटारात! पुढच्या शनिवारी तोच गाळ, त्याच माणसाच्या फावड्यावर, ओळख निघाल्यासारखा! तेव्हा बिसीनं नियम काढला: गाळ टोपलीत भरला नाही त्याला दंड. शिळं अन्न गटारात टाकलं, दंड. छपरावर घाण ठेवली, दंड. नियम तिचे, शिट्टी माझी.

आणि झालं एकदाचं! ट्रक आले, डोंगर उपसला, उरला त्याच्यावर माती लोटली, माणसं येऊन रोपं लावून गेली. त्या दिवशी बिसी पांढरा झगा घालून ओसरीत बसली, डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. मी वाट बघत उभा, आता काय म्हणते. म्हणाली, 'खॅ, खॅ, खॅऽऽक्.' डोंगर गेला पण खोकला काही गेला नाही हो. उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, छातीत इतकी वर्षं साठलंय ते ट्रकमध्ये घालून नेता येत नाही. पुढच्या पावसाळ्यात गेली. मी तिचा हात धरून बसलो होतो, आणि बाहेर गल्ली इतकी स्वच्छ होती की पावसाचं पाणी नुसतं वाहून जात होतं, कुठे तुंबत नव्हतं. मला त्या पाण्याचा इतका राग आला...

असो. तर डोंगर गेला तशी गिधाडं गेली. कधी गेली? कोणाला ठाऊक! गिधाड दिसत नाही म्हणून कोणी चौकशी करतं का? गेली ती गेली, आणि माझ्या ध्यानात कधी आलं, तर माझ्या बायकोच्या चाळिसाव्याला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उभे राहिलो, पाद्रीबुवा पोटभर जेवून 'हे सगळं जुनाट आहे हो' म्हणून घरी गेले, पातेली रिकामी झाली, आणि गिधाड काही आलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली... तुम्हाला सांगतो, हसू नका. आतून आवाज आला. दोन बारीक, एक लांब.

मी हातातली काडी बोटं भाजेपर्यंत धरून उभा. आत गेलो तर कोणी नाही. पलंग तसाच. पण झाडू! झाडू मी नेहमी फेकून देतो कोपऱ्यात, आणि ती उठून तो उभा करायची, काड्या वर, मूठ खाली, 'काड्या मोडतात रे, तुझ्या आईनं शिकवलं नाही का?' तो झाडू उभा होता. काड्या वर. मी मुद्दाम आडवा पाडला. पुढच्या दिवशी पुन्हा उभा. मी सिसीला सांगितलं तर ती छातीवर हात मारून म्हणते, 'अडकली रे माझी बहीण! ती जेवलीच नाही! उपाशीपोटी कुठं जाईल? गिधाड आण, युस्टस. कुठूनही आण.'

आता गिधाड काय बाजारात मिळतं? पण बायको उपाशी आहे म्हटल्यावर माणूस काय नाही करत? मी बंदरावरून माशांची आतडी आणली, पिशवीत घालून, माझ्याच गल्लीतून चोरासारखा, आणि शिडी लावून पत्र्यावर पसरली. गिधाडाला वास जाऊ दे. वास गेला! गिधाडाला नाही, कोंटेहबाईंना! कोंटेहबाई समितीच्या सेक्रेटरी. बाई भली आहे, पण नियम म्हणजे नियम, तिच्या नवऱ्यालाही तिनं दोनदा दंड केलाय. कमरेवर हात ठेवून खालून विचारते, 'पा युस्टस, तुम्ही छपरावर काय करताय?' मी म्हटलं, 'पत्रा बघतोय.' 'पत्र्याला आतडी फुटलीत का?' माझ्याच नियमानं मला दंड झाला, माझीच शिट्टी माझ्यावर वाजवली, सगळी गल्ली खाली जमली, आणि मी वर, हातात आतडी, आभाळ मोकळं. माश्या आल्या. गिधाड काही आलं नाही.

पण तेव्हा काय झालं ठाऊक आहे? शिडीवरून उतरलो तर कोणी हसेना. एक म्हातारी पुढे येऊन म्हणते, 'पा युस्टस, आमचे यजमान गेल्या नाताळापासून उपाशी आहेत.' दुसरा म्हणतो, 'माझी आई पानाच्या आसपास फिरते, सगळ्यांना जाणवतं, पण खाता येत नाही.' कोणाच्या घरी दार आपोआप उघडतं, कोणाच्या घरी खुर्ची करकरते. अख्ख्या गल्लीत तुंबलेले! गटारं मोकळी आणि माणसं तुंबलेली! दिवसा स्वच्छ रस्त्यावरून चालताना अंगावर काटा येतो हो, वाटतं दोन्ही बाजूंनी कोणीतरी बसलंय, भुकेलं, आणि आपल्या हातातल्या पावाकडे बघतंय.

मग समितीची सभा. कोंटेहबाई अध्यक्षांकडे, म्हणजे माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'ठराव मांडा.' त्या तेम्ने जमातीच्या, मुसलमान, त्यांच्याकडे गिधाडाचं काही नाही, पण म्हणाल्या, 'शेजाऱ्याचा मेलेला माणूस उपाशी असला की आपल्या घरात घास उतरतो का?' ठरलं: डोंगराच्या जागी, दफनभूमीच्या भिंतीला लागून, एक कोपरा घाण ठेवायचा. राखीव! एरवी दंड, तिथं मुभा.

तुम्हाला वाटेल, घाण करणं सोपं आहे. करून बघा! आमच्या लोकांना इतकी शिस्त लागली होती की कचरा टाकायला सांगितला तर धुऊन आणायला लागले. बाटल्या एका बाजूला, पानं एका बाजूला, एका बाईनं तर कडेनं झेंडूची रोपं लावली. मी शिट्टी फुंकून ओरडतोय, 'अहो, विस्कटा! जरा घाण करा! कुजू द्या!' आणि लोक 'हो हो' म्हणत व्यवस्थित रचतायत. शनिवारी सफाई झाली आणि कोणीतरी सवयीनं तो कोपराही झाडून टाकला! पुन्हा पहिल्यापासून. खाटकाकडून हाडं आणली, बकऱ्याचं काय काय आणलं, शेवटी कुजला. असा कुजला की मला बोमेहची आठवण येऊन डोळ्यांत पाणी आलं. आणि मनात एकच, बिसीला घाण बघवत नव्हती. घाण असल्याशिवाय तिला येता येत नाही, आणि घाण दिसली की ती नाकाला हात लावून परत फिरणार. आता मी कसं बोलवू तिला? कोणत्या तोंडानं?

तरी बोलावलं. सिसीनं पुन्हा चवळी शिजवली, पुन्हा केळीचं पान, पुन्हा सगळी गल्ली. मी सकाळी त्या कोपऱ्याच्या कडेकडेनं थोडं झाडून घेतलं, तिच्या पायाला काही लागू नये म्हणून. माहीत आहे, वेडेपणा आहे. गिधाडाच्या पायाला काय लागायचंय?

आणि आलं.

एकच. म्हातारं, गुलाबी टक्कल, खांदे पाडलेले, दफनभूमीच्या भिंतीवर येऊन बसलं. बायकांनी तोंडावर हात घेतले. ते खाली उतरलं, तिरकं तिरकं उड्या मारत आलं, थांबलं, झेंडूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सिसीनं माझं मनगट असं धरलं की बोटांचे वळ उठले. 'बिसी,' ती पुटपुटली, 'ये गं बाई, जेव.' पानापाशी पोचलं. मान वाकवली.

आणि त्या शांततेत मागून, माझ्या घरातून... खॅ, खॅ, खॅऽऽक्.

तेव्हा मला कळलं हो. एकदम कळलं! अरे, हे जेवलं की ती जाणार! मग उद्या चूल पेटवल्यावर कोण? झाडू कोण उभा करणार? मी एवढे दिवस बोलावतोय कोणाला, आणि घालवतोय कोणाला? चोच चवळीला लागायला बोटभर अंतर, आणि माझ्या हातातला झाडू, सकाळचाच, तो कसा सुटला मला ठाऊक नाही, 'हुश्श! हुश्श! चल नीघ!' असं कोण ओरडलं तेही ठाऊक नाही... मीच असणार. गिधाड उडालं. भिंतीवरून, झाडांवरून, गेलं.

काय गदारोळ! 'पा युस्टस!' 'अहो काय केलंत!' एका म्हातारीनं तर मला चप्पल दाखवली. मी म्हटलं, 'सवय! सवय हो! घाणीवर पक्षी दिसला की हात उठतो! चेअरमन आहे मी!' आणि कोंटेहबाई, देव त्यांचं भलं करो, पुढे होऊन ठणकावून म्हणाल्या, 'नियमानं बरोबरच आहे. कचऱ्यावरचे पक्षी हाकलायचे, हे कलम आपणच केलंय.' लोकांचा विश्वास बसला. बाकीच्यांची गिधाडं नंतर आली, म्हातारीचे यजमान जेवले, सगळ्यांची दारं बंद झाली, खुर्च्या गप्प झाल्या. मी मात्र कोणी विचारलं की मान खाली घालून सांगतो, आमच्याकडे? छे. त्यानंतर गिधाड काही आलं नाही.

सिसी मात्र त्या दिवशी घरी गेली नाही. सगळे पांगल्यावर माझ्या ओसरीत येऊन बसली. काठीनं जमीन टोकरत होती. मग म्हणाली, 'मलाही ऐकू आलं, युस्टस.'

मी म्हटलं, 'काय?'

'ढोंग करू नकोस. दोन बारीक, एक लांब. माझ्या पाठची आहे ती, मी तिला लहानपणापासून ऐकतेय.' आणि तिनं डोळे पुसले, त्याच काळ्या फडक्यानं. मला वाटलं आता काठी बसणार पाठीत. तर म्हणते, 'ठेवून घेतलीस ना? मग उपाशी ठेवू नकोस. रोज वाढ तिला. आणि ताजं वाढ हो, तिला शिळं चालत नाही.'

झालं! तेव्हापासून रोज दोन ताटं. सकाळी चूल पेटवतो, खोकला येतो, मी म्हणतो, 'उठलीस? बस.' तिला फूफू, तिला मासा, तिला भरपूर मिरची घातलेली चवळी. मी जेवतो, समोरचं ताट तसंच. गार होतं. आता ते टाकू कुठे? गटारात टाकलं तर दंड, नियम तिचाच! राखीव कोपरा तर लोकांच्या मेलेल्यांचा, तिथं ठेवलं आणि गिधाडानं खाल्लं तर? मग काय करतो, ताट पुढे ओढतो आणि तेही संपवतो. दोन्ही वेळा. रोज. लोक म्हणतात बायको गेली की माणूस खंगतो, वाळतो, हाडं दिसायला लागतात... आणि इथं माझ्या विजारीचं बटण लागत नाही हो!